तीन पंचांगांची नोकरी

तारखा सांभाळायची नोकरी केली की माल गिऱ्हाइकाकडे जातो आणि किस्से आपल्याकडे उरतात! एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. मी नाशिकच्या एका कापडपेढीवर गुमास्ता होतो. मुंबईचा दुकानदार लुगड्यांची ऑर्डर द्यायचा, मालेगावचे रहीमचाचा ती मागावर विणायचे, आणि मधल्या तारखा जुळवायचो मी. मुंबईकर इंग्रजी तारीख धरी, आमचे शेठ तिथी आणि चाचा चंद्र. तिघांचा महिना एकाच दिवशी लागलेला मी कधी पाहिला नाही!

*

एकदा मुंबईचं पोस्टकार्ड आलं, ‘वैशाखातल्या लग्नांसाठी माल पाठवा.’ मी चाचांना दामटून माल वेळेत रवाना केला. वैशाख अधिक आहे, हे साफ विसरलो! महिनाभर लग्नं बंद. मुंबईहून तार आली: ‘माल मिळाला. नवऱ्या पाठवा.’

शेठनी पंचांगच माझ्यापुढे आपटलं.

*

मग शेठनी मला मालेगावला चाचांच्या मागाशेजारी नेऊन बसवलं. मी सारखा विचारी, “किती झालं?”

चाचांनी धोटा माझ्या हातात दिला. “बसा भाऊ, तुम्हीच विणा!”

मी सात धागे तोडले. ते सांधण्यात दुपार गेली. संध्याकाळी मी शेठना पत्र लिहिलं, ‘विणकराकडून उशीर.’ चाचा म्हणाले, “जरा वाचून दाखवा की.” मी ‘विणकराकडून’च्या जागी ‘माझ्याकडून’ वाचलं, आणि लाजेकाजेस्तव तसंच लिहूनही टाकलं.

*

उत्तर आलं, ‘पुढची तारीख चुकली तर पेढीची पायरी चढू नका.’

पुढची तारीख आली नेमकी ईदच्या तोंडावर. एकोणतिसावा रोजा होता आणि चाचांच्या मागावर शेवटचं लुगडं अर्धं होतं. चंद्र दिसला तर उद्या ईद, माग बंद, माझी नोकरी गेली. नाही दिसला तर उद्याचा अख्खा दिवस हातात!

संध्याकाळी सगळी गल्ली गच्चीवर. सगळे चंद्र मागत होते, मी एकटा ढग मागत होतो. देवाशपथ, इतका भ्यालेला मी कधीच नव्हतो.

मावळतीला ढग जरासे फाटले आणि बारीकशी कोर दिसली. पहिल्यांदा मलाच! बाकीचे भलतीकडे बघत होते, आणि पुढचा ढग सरकत येत होता. गप्प राहिलो असतो तर कोर झाकली गेली असती.

मी चाचांचे खांदे धरून त्यांना तिकडे वळवलं.

त्यांनी पाहिलं, दुआ पुटपुटली. मग माझ्याकडे वळले. “भाऊ, अब तुम्हारी नौकरी?”

“ईद मुबारक, चाचा!”