माघार घेता येते

आमच्या खेळात एक नियम आहे. तुकडीतले निम्मे सैनिक पडले की उरलेल्यांना माघार घेता येते. घेता येते, घ्यावीच लागते असं नाही. या एका ओळीवरून मी आणि माझा मित्र कित्येक रविवार भांडलो.

खेळ टेबलावरचा. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, थर्माकोलच्या टेकड्या, अंतर मोजायला टेप आणि फासे. नियमांचं पुस्तक इंग्रजी, मी नेटवरून उतरवून झेरॉक्स काढलेलं. मी कुपवाडच्या एका फौंड्रीत आहे, सैनिक मीच ओततो. मित्र फौजेतून निवृत्त झालेला, वडूजकडचा, आमच्या गेटवर सिक्युरिटीला होता. जेवणाच्या सुट्टीत मी सैनिक रंगवत होतो तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बूट काळं कर. पिवळं बूट कोन घालतंय?" तिथून आमचं जमलं.

खेळायला तो हुशार, पण माघारीच्या नियमापाशी हटून बसायचा. निम्मी तुकडी आडवी झाली तरी त्याचे उरलेले जागचे हलायचे नाहीत. मी डोक्याला हात लावायचो.

"अरे, सवलत दिलीय पुस्तकात. घे की मागं."

"सवलत म्हंजे हुकूम न्हवं. घ्यायलाच पायजे आसं लिवलंय का? न्हाई ना? मग हुकमाबिगर मागं फिरला त्यो पळपुटा."

मी पुस्तक त्याच्या पुढ्यात आपटायचो. एकदा तर आम्ही महिनाभर बोललो नव्हतो, शिशाच्या माणसांपायी. आज त्याचं हसूही येत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो. गाठ निघाली. डॉक्टर मोठे सभ्य. म्हणाले, "ऑपरेशन करून घेता येईल. आत्ता केलेलं बरं. बघा विचार करून." मित्राचा चेहरा एकदम सैल झाला. तो चेहरा मला टेबलावरून चांगला ओळखीचा होता. मी म्हणालो, "साहेब, करायलाच पाहिजे असं सांगा याला." ते म्हणाले, "सक्ती कशी करणार? शेवटी पेशंटची इच्छा."

स्टँडवर चहा पिताना स्वारी खुशीत. "ऐकलंस न्हवं? करायलाच पायजे आसं कुटं म्हनलं डॉक्टर?" मी शिव्या घातल्या. त्याच्या बायकोनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. त्याचं एकच, हुकूम आला की जातो. कोणाचा हुकूम? कोण देणार होतं? त्या सभ्य डॉक्टरांचा मला अजून राग येतो. मित्राचा त्याहून जास्त येतो.

उन्हाळ्यात तो वाळून गेला. पुन्हा मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयच काढला नाही. मी काढला, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मित्र खिडकीबाहेर बघत होता.

आता तो गावीच असतो. रविवारी मी जातो, त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर फळी टाकतो, टेकड्या मांडतो. बोलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून खेळतो. गेल्या रविवारी त्याची तुकडी निम्मी पडली. मी सवयीनं पुढच्या चालीसाठी फासे उचलले.

"थांब," तो म्हणाला. "मागं घे त्यास्नी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी फळीकडे बघितलं. माझे घोडेस्वार केव्हाच त्याच्या तुकडीच्या पाठीमागे पोचले होते. वाट अडली असेल तर माघार नाही, हे पुस्तकात त्याच नियमाखाली लिहिलंय. एकेका शब्दासाठी भांडणारा मी, पण मुकाट्यानं त्याचे सैनिक उचलले आणि घोड्यांच्या मधून नेऊन टेकडीआड ठेवले.

"येतंय व्हय आसं घेता?"

"येतं."

त्याची नजर माझ्या घोडेस्वारांवरून फिरली. मग हाडकुळा हात लांब करून त्यानं एकेक सैनिक परत होता तिथं आणून उभा केला.

"वाट न्हाई राहिली, गड्या," तो म्हणाला. "टाक फासं."

मी फासे टाकले.