ए-टूचे पेढे

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर जे लिहिलं गेलं ते म्हणजे वाणसामानाच्या याद्या, लग्नपत्रिकांवरची नावं आणि माझे कॉलेजचे अर्ज. परदेशी भाषा शिकण्याच्या अनुभवावर काहीतरी लिही, असं आमच्या जर्मनच्या मॅडम म्हणाल्या आणि मी मान हलवली, कारण मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना दोष आहे. पुढे जे सांगणार आहे तेही त्यातूनच झालं. दुसऱ्या कुणी हे जास्त नीट लिहिलं असतं, पण दुसऱ्या कुणाला ते सगळं माहीत नाही.

आम्ही नवी मुंबईत बोनकोड्यात भाड्याने राहतो. पप्पा साताऱ्याकडचे. तुर्भ्याला बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ते मशिनवर आहेत. शिक्षण आठवी. मी बारावी झालो तेव्हा त्यांनी माझी गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा माझ्यासोबत गेटपर्यंत आले. आत आले नाहीत. म्हणाले, "तू जा. मी हितं थांबतो."

कॉलेजात दुसरी भाषा म्हणून मी जर्मन घेतली. का घेतली याचं खरं उत्तर म्हणजे रांग छोटी होती. पण नंतर ती मला आवडायला लागली. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर सहा पायऱ्या काढून दाखवल्या होत्या. सर्वात खाली ए-वन, मग ए-टू, मग बी-वन, बी-टू, आणि वर सी-वन, सी-टू. ए-वन झालेल्याला स्वतःचं नाव-गाव सांगता येतं, दुकानात पाव मागता येतो. ए-टूवाला रोजचं साधंसुधं बोलू शकतो, समोरचा हळू बोलला तर. बी-वनवाला अनोळखी गावात एकटा निभावून नेतो. सी-टूवाला जवळजवळ त्यांच्यातलाच एक. आणि आमच्या विद्यापीठातून दर वर्षी काही मुलांना तिकडच्या विद्यापीठात एक सत्र शिकायला पाठवतात, त्याला बी-वन लागतं. त्याखाली अर्जच घेत नाहीत.

पहिल्या दोन वर्षांत मी ए-वन आणि ए-टू पास झालो. दोन्ही वेळा पप्पा खूश झाले. तिसऱ्या वर्षी बी-वनचा वर्ग सुरू झाला आणि मी घरी तसं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"बी? आतापतूर तर ए हुतास."

"पप्पा, यात बी वर असतं. ए खाली."

"आसं कुठं आसतं?"

"असतं. ए, मग बी, मग सी."

"सी सगळ्यात वर?"

"हो."

त्यांनी बोटांवर ए, बी, सी मोजलं. मग म्हणाले, "आसंल बाबा." पण ते त्यांना पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यानंतर रोज डबा घेऊन निघताना ते मला सांगायचे, "मन लावून कर. परत ए मधी घेत्याल."

त्याचं कारण आईने मला सांगितलं. पप्पांच्या हायस्कूलमध्ये तीन तुकड्या होत्या. 'अ' मध्ये हुशार पोरं, 'ब' मध्ये बरी, आणि 'क' मध्ये ज्यांच्याकडून मास्तरांना काही आशा नव्हती ती. पप्पा 'क' मध्ये होते. मास्तर त्या वर्गावर फारसे यायचेच नाहीत. टाकीत पाणी भरायला, मैदानातले दगड वेचायला पोरं लागली की 'क' मधली न्यायचे. चाचणीत बरे मार्क पडले तर वरच्या तुकडीत घालू, असं पप्पांना एकदा कुणीतरी म्हटलं होतं. मार्क पडले, पण घातलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. हे त्यांनी आईला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं आणि परत कधी काढलं नाही. कंपनीत तर कुणालाच माहीत नव्हतं. तिथे ते 'आठवी पास' एवढंच सांगतात.

हे ऐकल्यावर मी त्यांना पुन्हा नीट बसवून समजवायला हवं होतं. मी नाही समजावलं. वाटलं, बी-वन पास झालो की आपोआप कळेल.

मी नापास झालो. वाचन आणि लेखन निघालं, ऐकणं आणि बोलणं राहिलं. हेडफोन लावून ऐकलेली ती माणसं इतकी भरभर बोलत होती की मी एक वाक्य पकडेपर्यंत चार निघून जायची. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा बस. सध्या कागदावर तुझी पातळी ए-टूच राहील." त्या वर्षीचा परदेशी सत्राचा अर्ज हुकला. त्याचं दुःख होतं, पण मला जास्त भीती घरी जायची वाटत होती.

पप्पा दारातच चप्पल काढत होते. "लागला निकाल?"

"लागला."

"काय?"

"ए-टू."

त्यांचा हात चपलेवरच राहिला. "बी मधनं ए मधी घेतलं?"

मी "हो" म्हणालो.

इतकंच. मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो की मी खोटं बोललो नाही. ए-टू हे तर खरंच होतं. पण त्यांनी काय विचारलं आणि मी कशाला हो म्हणालो, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. ते चप्पल पुन्हा पायात घालून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. देवापुढे ठेवले, मग आईला, मग मला. मी तो पेढा खाल्ला. खाली घरमालकीण आजींना द्यायला मलाच पाठवलं. त्या इथल्याच, आगरी. पुडा हातात घेऊन म्हणाल्या, "काय रं, पास झालास ना? आता आमच्या नातवाला पन शिकव जरा. त्याचा सगला ध्यान मोबाईलान हाय."

मी तिथेही मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट माझ्यापुरतीच राहिली असती. पण पप्पांनी पेढे कंपनीतही नेले. आणि त्याच सुमाराला कंपनीत जर्मनीहून एक नवीन मशिन आलं, ते बसवायला तिकडचा एक म्हातारा मेकॅनिक आला. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. पप्पांनी सुपरवायझरला सांगितलं, "सायेब, माझा पोरगा जर्मन बोलतोय. बी मधनं ए मधी आलाय. लागला तर बोलवू." सुपरवायझर म्हणाला, "आण की. फुकटात दुभाष्या."

घरी येऊन पप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा ते इतके आनंदात होते की मला तेव्हाही बोलता आलं नाही. फक्त म्हणालो, "पप्पा, मला मशिनमधलं काही कळत नाही."

"मशिनचं मला कळतंय की! तू भाषेचं बघ."

शनिवारी गेलो. आईने शर्टला इस्त्री केली होती. पप्पा कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्ये माझ्यापुढे चालत होते आणि भेटेल त्याला थांबवत होते. "ह्यो माझा." एकजण म्हणाला, "काय राव, आता पोरगं जर्मनीला न्हेनार तुमास्नी." पप्पा म्हणाले, "मी काय करू तितं जाऊन, त्यालाच जाऊ दे." पण हसत होते.

मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. गुटन टाग, माझं नाव अमुक, मी विद्यार्थी आहे. मेकॅनिकने माझा हात हातात घेतला आणि आनंदाने बोलायला सुरुवात केली. मॅडमसारखं तो बोलतच नव्हता. शब्द एकमेकांत मिसळलेले, वर मशिनचा आवाज. मला काही म्हणजे काही कळेना. मी हसत होतो आणि "या, या" म्हणत होतो. या म्हणजे हो. आजूबाजूला सात-आठ कामगार गोळा झाले होते. पप्पा माझ्या उजव्या बाजूला उभे होते आणि माझ्याकडे नव्हे, त्या सगळ्यांकडे बघत होते.

मग मेकॅनिकने हातात पाना घेतला, मशिनला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपाकडे बोट केलं आणि मला काहीतरी विचारलं. त्यातला पाणी हा शब्द मला कळला. बाकी प्रश्न कळला नाही. त्याला पुन्हा हळू सांगा म्हणायचं वाक्य मला येत होतं. ते ए-वनमध्येच शिकवतात, पहिल्या आठवड्यात. पण ते म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मला कळत नाही.

मी म्हणालो, "या."

त्याने जोड सैल केला आणि पाण्याचा फवारा उडाला. लोक मागे सरले. मेकॅनिक ओरडला. पप्पा तेवढे पुढे धावले, त्यांना व्हॉल्व्ह कुठे आहे ते ठाऊक होतं. त्या फवाऱ्यातून आत हात घालून त्यांनी तो फिरवला. पाणी थांबलं तेव्हा त्यांच्या डोक्यापासून बुटापर्यंत पाणी निथळत होतं.

मेंटेनन्सचा एक तरुण इंजिनीयर धावत आला. तो आधी ऐरोलीला एका ऑफिसात जर्मन ग्राहकांशीच बोलायचं काम करायचा. त्याने मेकॅनिकशी दोन मिनिटं बोलून घेतलं आणि मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अरे, पाणी बंद आहे ना, असं विचारत होते ते. किती झालंय तुझं?"

"ए-टू."

"मग बरोबर आहे. ए म्हणजे सुरुवातच असते. बी-वन झाल्याशिवाय असं काम जमत नाही. टेन्शन नको घेऊ."

तो चांगल्या मनाने बोलला. पप्पा तीन फुटांवर रुमालाने तोंड पुसत होते. त्यांचा हात थांबला आणि मग पुन्हा पुसायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आपण पेढे खाल्ले की रे सुरुवातीचे!" सगळे हसले. तेही वाईट मनाने नसेल.

घरी जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्यांचे कपडे ओले, म्हणून ते सीटच्या कडेला टेकले होते. कोपरखैरण्याला आमचा स्टॉप आला. उतरताना म्हणाले, "तुझा शर्ट भिजला न्हाई न्हवं?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. स्टॉपपासून घरापर्यंत दहा मिनिटं चालायचं होतं आणि रस्त्यात ओळखीचं कुणी नव्हतं. सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यानंतर 'परत ए मधी घेत्याल' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. ते कंपनीत जात होते, येत होते. तिथे त्यांना काय ऐकावं लागतंय याची मी कल्पना करायचो आणि मग करायचं थांबवायचो.

मी पुन्हा बी-वनला बसलो. या वेळी रोज ऐकायचो, कळत नसेल तिथे थांबायचो आणि मॅडमना सरळ सांगायचो, कळलं नाही. सुरुवातीला ते म्हणताना कान गरम व्हायचे. गेल्या महिन्यात निकाल लागला. चारही भाग निघाले. मी पप्पांना प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला, बी हे अक्षर शोधलं आणि म्हणाले, "ह्यो वरचा न्हवं?"

"हो, पप्पा."

"मग झालं." आणि कागद गुणपत्रिकेच्या पिशवीत ठेवला.

पेढे या वेळी मी आणले. पप्पांच्याच खात्यात काम करणारे एक काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात, त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. मला त्यांच्यासमोर तरी खरं बोलायचं होतं. पुडा पुढे केला आणि म्हणालो, "काका, मागच्या वेळचे पेढे खोटे होते. मी तेव्हा नापास झालो होतो. पप्पांना फसवलं मी."

काकांनी पेढा उचललेला हात खाली घेतला. "काय बोलतोस? तुझा बाप तर वेगळंच सांगत होता."

"काय?"

"त्या पाण्याच्या भानगडीनंतर सोमवारी पोरं त्याला चिडवायला लागली. ए तुकडी, ए तुकडी करून. मीपण होतो त्यात, खोटं कशाला सांगू. तेव्हा जेवायच्या सुट्टीत तो डबा बाजूला ठेवून उभा राहिला. म्हणाला, पोराला काय बोलू नका. पोरानं मला सरळ सांगितलं हुतं, बी वर आसतं आन् ए खाली. मीच ऐकलं न्हाई. शाळंत मी 'क' तुकडीत हुतो, मला कुठनं कळनार."