बत्तीस गाद्या आणि एकच ॲरे

"बत्तीस गाद्या! येक न्हाई, दोन न्हाई, बत्तीस! कुटं गेल्या?"

आबा असे ओरडत होते, की पलीकडे एक्सप्रेस-वेवरच्या ट्रकांनी ब्रेक मारले असावेत. आबा कुसगावचे. भाताच्या खाचरांवर त्यांनी एकासारखे एक असे पाच बंगले उठवलेत, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्या पाचांची देखभाल डोंगरावरच्या वाडीतल्या इंदूमावशी अकरा वर्षं करतात. आबांनी आत्ताच त्यांना चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवायला लावला होता. काम तर जाणारच होतं, पण वाडीत चोर म्हणून नाव होणार, ते वेगळंच.

मी तिथे होतो, कारण बंगल्यांचं सॉफ्टवेअर आमचं. लॅपटॉपवर पुण्याहून आमचे आर्किटेक्ट निनाद सर हजर होते. सॉफ्टवेअरमधला आर्किटेक्ट वीट रचत नाही. दुसऱ्यांनी रचलेल्या विटांना नावं ठेवतो.

झालं होतं असं. तिसऱ्या बंगल्यात मोठा ग्रुप येणार म्हणून आबांनी आठ नव्या गाद्या आणल्या. मावशींनी मोबाइलवर तिसऱ्या बंगल्याच्या बारा गाद्यांच्या वीस केल्या. कॉम्प्युटर पाचही बंगल्यांत वीस-वीस दाखवू लागला. बाकीच्या चारांत मोजल्या, तर बाराच. आठ चोक बत्तीस. आणल्या होत्या आठच, पण आबांचा भरवसा स्वतःच्या आठवणीपेक्षा कॉम्प्युटरवर.

"सिस्टीम खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "एक तर यूजर एरर, नाही तर सरळ चोरी."

साठीची बाई बत्तीस गाद्या डोक्यावर घेऊन डोंगर चढली आणि एक कुत्रं भुंकलं नाही, यावर साहेबांचा तत्काळ विश्वास बसला. आपल्या कोडवर शंका घ्यावी, हे काही त्या थोर मेंदूला शिवलं नाही.

मावशी एवढंच बोलल्या. "आबा, टेंपो येकच आलता. गाद्या आट. दाराला रेघा हायेत, बगा."

प्रत्येक बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दारामागे मावशींच्या कोळशाच्या रेघा असतात. एक गादी, एक रेघ. नवा बंगला झाला की पहिल्या दारावरच्या रेघा मोजायच्या आणि नव्या दारावर तेवढ्या नव्याने ओढायच्या. सरांनी पहिल्याच भेटीत या रेघांना 'अनप्रोफेशनल' ठरवून दारं रंगवायला सांगितली होती. रंगाचा डबा येऊनही पडला होता.

मी पाचही दारं बघून आलो. तिसऱ्या दारावर वीस रेघा, बाकी चारांवर बारा-बारा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोड उघडलं.

सोपं करून सांगतो. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बंगल्याचा एक ऑब्जेक्ट असतो. तो जन्माला येताना जे कोड चालतं, ते कन्स्ट्रक्टर. त्याच्या हातात आम्ही ॲरे देतो, म्हणजे ओळीने मांडलेले खण: गाद्या, उशा, चादरी, बादल्या. गोम अशी, की ॲरे देताना खण जात नाहीत, ते कुठे ठेवलेत तो पत्ता जातो. सरांनी पाचही कन्स्ट्रक्टरना एकच ॲरे दिला होता. पाच बंगले, खणांची ओळ एक. तिसऱ्याने त्यात वीस लिहिले, ते पाचांनीही वाचले. सॉफ्टवेअर नवं होतं आणि तोवर एकही गादी हलली नव्हती, म्हणून हे झाकून राहिलं.

"सर, कन्स्ट्रक्टरमध्ये कॉपी का नाही घेतली?"

"मेमरी वाचते."

चार आकडे! वाचलेल्या त्या मेमरीत मुंगीची जांभई मावली नसती.

मी एक ओळ लिहिली: ॲरे आला की आधी त्याची स्वतःची कॉपी कर. मग आकडे पुन्हा भरले. तिसऱ्यात वीस, बाकी चारांत बारा. अगदी दारांसारखं. सर म्हणाले, मायनर इश्यू होता, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांचं नेटवर्क गेलं. नेटवर्क असं वेळेवर घालवता येणं, यालाच आमच्याकडे सिनियॉरिटी म्हणतात.

मी त्या दिवशी एवढंच शिकलो, की ज्याची यादी त्याच्या दारावर असावी. अकरा वर्षं ते दारामागे लिहिलेलं होतं, फीसुद्धा लागली नसती.

आबांनी घसा खाकरला. चाव्या मावशींपुढे सरकवल्या.

"इंदूबाई, मशिनीचीच चूक व्हती. आता झालं नीट. उद्या पेंटर येतोय, त्याला दारं दावा."

मावशींनी जुडगा कमरेला खोचला.

"दारं न्हाई रंगवायची," त्या म्हणाल्या.