मोठं इंजिन, छोटा रेडिएटर आणि माझे पोहे

मैत्रिणींनो, देव आहे. आणि तो शारजाच्या ट्रॅफिकमध्ये असतो. आज दुपारी दिसला मला.

नवऱ्याचे मित्र संदेशभावजी. मागच्या महिन्यात त्यांनी आपल्या जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये भलंमोठं बिग ब्लॉक इंजिन बसवलं. आमच्याकडे पार्टी होती, तेव्हा मी एवढंच म्हटलं, “रेडिएटरपण मोठा घ्या, इथल्या उन्हात गाडी तापेल.”

“वहिनी, तुम्ही पोह्यांचं बघा. गाडीचं आम्ही बघतो.”

सगळे खो खो हसले. माझा नवरा सगळ्यात जास्त.

आज तीच लाल गाडी रस्त्याच्या कडेला उभी. बॉनेट उघडं, नुसती वाफ! मी गाडी बाजूला घेऊन काच खाली केली.

“वहिनी, देवासारख्या आलात! पाणी आहे का? रेडिएटर उकळतोय.”

मी माझा डबा त्यांच्या हातात दिला. “पोहे आहेत, भावजी. गाडीचं तुम्ही बघताय ना?”

काच वर, एसी फुल, आणि यल्ला, निघाले!

हो, डिकीत पाण्याचा मोठा कॅन होता. नाही दिला.

भावजींचा फोन येऊन गेलाय. नवरा मघापासून फुगलाय, आणि आता विचारतोय, जेवायला काय आहे?

तुम्हीच सांगा, काय वाढू?