सुगंधा जोईलचं फुटबॉलचं गाऱ्हाणं

जामसंड्यात आमच्या शेजारी सुगंधा जोईल राहते. नवरा ओमकार मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. कलमांची बाग, फवारणी, राखण, पेट्या, वाशीचे दलाल, सगळं तीच बघते. आंबा उचलला की तो चार डझनी पेटीत जाणार की सहा डझनी, हे तिचा तळहात सांगतो. आंबा जितका मोठा तितके पेटीत डझन कमी. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे ती पोरीसुद्धा अशाच निवडायला लागली. अमक्याची मुलगी सहा डझनी, तमक्याची डागी. आपली मुलगी दिव्या अर्थातच चार डझनी.

मी बाबली. माझी सहा आसनी गाडी आहे आणि आमच्या गावच्या मुलींच्या फुटबॉल टीमला मॅचला नेण्या-आणण्याचं भाडं माझ्याकडे असतं. सहा आसनांत किती पोरी बसतात ते विचारू नका. बॉलची जाळी टपावर आणि पुढे माझ्या शेजारी दोन आया. त्यामुळे मी सांगतो ते ऐकीव नाही. माझं मत कुणी कधी विचारलं नाही, तेही सोबत देतो.

दुसरी आई म्हणजे रसिका कुवेसकर. पतसंस्थेत कामाला. घरी-दारी मालवणीच बोलते, पण कुणाला टोचायचं असलं की शुद्ध मराठीत शिरते. तिची तेजस्वी आणि सुगंधाची दिव्या बालवाडीपासून एका बाकावरच्या. शाळेतल्या निलेश सरांनी मुलींची टीम काढली तेव्हा दोघी एकाच दिवशी गेल्या. दिव्या डावरी. डाव्या बाजूने बॉल घेऊन सुटायची, मान वर न करता आत मारायची, आणि तिथे तेजस्वी असायची. ती तिथे कशी पोचायची हे निलेश सरांनाही सांगता यायचं नाही. दोन वर्षांत आमची टीम जिल्ह्यात सगळ्यांना भारी पडायला लागली, आणि तिथूनच भांडण सुरू झालं. टीम हरत होती तोवर दोन्ही आया एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात होत्या.

पेपरात नाव तेजस्वीचं यायचं. गोल जी मारते तिचं नाव छापायचं ही पेपरवाल्यांची पद्धत सुगंधाला मान्य नव्हती.

"पाय माझ्या चेडवाचे मोडतत नि फोटो तेजस्वीचो," ती म्हणायची. रसिका खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "पास देणं हेही महत्त्वाचं असतं, सुगंधा. प्रत्येकाचं आपापलं योगदान असतं." हे शुद्ध मराठीत. योगदान शब्द सुगंधाला पुढचे आठ दिवस पुरला.

मग खाण्याची चुरस लागली. मध्यंतराला रसिकाने रव्याचे लाडू आणले. पुढच्या मॅचला सुगंधाने उकडलेली अंडी आणली. रसिकाने घावणे-चटणी आणली, सुगंधाने शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस. पोरी गुणी, कुणाच्या आईला नाही कसं म्हणायचं म्हणून सगळं खायच्या. कणकवलीच्या टीमविरुद्ध दुसऱ्या डावात आमच्या अकराच्या अकरा पोरी मैदानात चालत होत्या. आम्ही हरलो. समोरच्या पोरींनी नुसतं पाणी प्यायलं होतं. निलेश सरांनी खाणं बंद केलं, तर एकीने शहाळी आणली आणि दुसरीने कोकम सरबत. मग सरांनी आयांनाच मैदानापलीकडे उभं केलं, पण आवाज तिथूनही यायचा. ओमकारने जहाजावरून फोनवर ऑफसाइड म्हणजे काय ते सांगितलं होतं, लाइन मध्येच कापली गेली, आणि जेवढं कळलं तेवढ्यावर सुगंधाने वर्षभर पंचांना सुधारलं.

हे असंच चाललं असतं, पण तळेऱ्याला हायवेच्या कडेला एका गोव्याच्या प्रशिक्षकाने मुलींची अकादमी काढली. हिरव्या कृत्रिम गवताचं मैदान, रात्रीचे दिवे, राहायची सोय. तिथल्या पोरी पुण्याला, मडगावला खेळायला जाणार, पुढे राज्याच्या टीमचे लोक बघायला येणार. निवड चाचणी मे महिन्यात होती.

"आमका कित्याक तळेरां?" सुगंधा गाडीत म्हणाली.

"इतक्या लांब मुलीला पाठवणं मला योग्य वाटत नाही," रसिका म्हणाली.

त्यानंतर दोघींनी मला वेगवेगळं गाठून चाचणीच्या दिवसाचं भाडं ठरवलं, कुणाला बोलू नको म्हणून बजावलं. मी दोघींना हो म्हटलं. गाडी एकच आणि रस्ताही एकच होता.

चाचणीच्या आधीच्या सोमवारी सुगंधा देवळात गेली. आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलून भागत नाही. गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि ते लवूकाका घाडी घालतात. आपण त्यांच्या कानात सांगायचं, त्यांनी देवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाला जरा कमी ऐकू येतं असा लवूकाकांचा समज असावा. सुगंधाला वाटलं होतं ऐन हंगामात देवळात चिटपाखरू नसणार. तिथे माझ्यासकट पंधरा-वीस माणसं होती, आणि खांबाला टेकून हातात नारळ घेतलेली रसिका होती. मागे फिरणं वाईट दिसलं असतं. सुगंधाने लवूकाकांच्या कानात भराभर काय ते सांगितलं आणि डोळे मिटले.

लवूकाकांनी नारळ ठेवला, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, आज जोयलांची सुगंधा तुझ्या पायाकडे इली आसा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तिच्या चेडवाक, दिव्याक, तळेऱ्याच्या फुटबॉलात घेवंदेत. घेणाऱ्यांका तशी बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि कुवेसकरांच्या तेजस्वीक घेव नये, असां तिचां मागणां आसा. तेका लागूक खुपूक नको, पण त्या दिवशी बॉल तेच्याकडे येवक नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात रसिकाही होती. जन्माची सवय, तोंड आपोआप उघडतं. शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं की आपण कशाला होकार दिला. उघडलेलं तोंड मिटायला तिला थोडा वेळ लागला.

लवूकाकांना यात काही वावगं वाटलं नाही. ते मधले माणूस. पण दिव्या पायरीवर उभी होती, ती आत आली आणि आईकडे न बघता थेट त्यांनाच म्हणाली, "काका, तेजस्वी नाय तर मी जावचंय नाय."

"बा देवा म्हाराजा," लवूकाका वळून म्हणाले, "चेडू म्हणता, तेजस्वी नाय तर मी जावचंय नाय."

"व्हय म्हाराजा."

सुगंधाचा चेहरा मी पाहिला. मनातलं मागणं एवढ्या माणसांत, घाडींच्या खणखणीत आवाजात ऐकायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. मला तिची दया आली, आणि एरवी मला ती सहसा येत नाही. आता ती कानात बोलली नाही. मोठ्याने म्हणाली, "काका, तां बदला. दोघींकय घेवंदेत. नायतर दोघींकय नको."

"देवाकडचां बदलूचां नसता," लवूकाका म्हणाले. "त्याच्यावर दुसरां घालूचां असता." आणि त्यांनी घातलं. मग रसिकाचा नंबर आला. ती म्हणाली, माझं काही नाही, नारळ तेवढा फोडा.

चाचणीच्या दिवशी दोन्ही आया माझ्या शेजारी मधे पिशव्या ठेवून बसल्या. मागे पोरी गाणी म्हणत होत्या. तिथे पोहोचल्यावर दिव्या त्या गवतावर वाकली आणि तिने ते हाताने चाचपून बघितलं. मग प्रशिक्षकाने पोरींचे दोन गट केले. दिव्या एका गटात, तेजस्वी दुसऱ्या. दिव्याचा डावा पाय बघून तो माणूस खुर्चीतून उठून रेषेपाशी आला. तेजस्वी आपल्या नेहमीच्या जागी धावून जायची आणि थांबायची. तिच्या गटातल्या पोरींना ती जागा माहीत नव्हती. बॉल तिच्याकडे आला नाही.

दिव्याची निवड झाली. तेजस्वीला पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

सुगंधाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आभारी आहोत, पण आम्हांला नको." प्रशिक्षकाला वाटलं खर्चाचं असेल. तो म्हणाला, सगळं अकादमी बघेल. ती म्हणाली, "तसं नाही. देवाकडे शब्द झालाय." तो गोव्याचा, तिकडेही गाऱ्हाणी घालतात, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही. आठ दिवस जागा ठेवतो, एवढंच म्हणाला.

येताना गाणी नव्हती. दारात मी टपावरची पिशवी उतरवत होतो तेव्हा दिव्या आईला म्हणाली, "आये, तुका दोघींचां मागूक कोणी सांगलां?"

"तूच सांगलंस ना गो."

"तेवा मी तां गवात खंय बगलेलां?" आणि ती आत गेली.

चौदा वर्षांच्या पोरीला याबद्दल बोल लावायची माझी तयारी नाही. पण सुगंधाची मात्र पंचाईत झाली. जन्मात एकदा ती दुसऱ्याच्या पोरीसाठी बोलली, आणि त्याची भरपाई आपल्या पोरीला करावी लागत होती. दिव्या मैदानावर जाईना, धड जेवेना. ओमकारचा फोन आला की घ्यायची नाही. सुगंधा लवूकाकांकडे गेली. ते म्हणाले, "बोल दोघींच्या नावान झालो. तो सोडवूक दोघींच्या आवशी व्हयेत."

म्हणून ती रसिकाकडे गेली. मी तिला सोडायला गेलो, कारण तिच्याबरोबर चार डझनी पेटी होती, बागेतली सगळ्यात वरची निवड. रसिका दारात आली. पेटीकडे बघून म्हणाली, "पेटी परत घेऊन जा. मी पतसंस्थेत आहे, अशा पेट्या मी ओळखते."

सुगंधा अंगणातच उभी राहिली. लवूकाकांनी काय सांगितलं ते शेवटी मीच सांगून टाकलं. आतून तेजस्वीने भिंतीवर बॉल मारल्याचा आवाज येत होता, एकटीचा, थांबून थांबून. रसिकाने बराच वेळ तिला उभं ठेवलं. मला ते जास्त वाटलं, पण माझी पोर त्या घरात नव्हती.

"सोमवारी येतंय," शेवटी रसिका म्हणाली. "पण बोलतलंय मी."

सोमवारी तिने लवूकाकांच्या कानात काही सांगितलं नाही, मोठ्यानेच सांगितलं, आणि त्यांनी ते आणखी मोठ्याने देवाला सांगितलं. "बा देवा म्हाराजा, दिव्याक रसिकान सोडल्यान. तेका तळेऱ्याक जावंदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या सुगंधान दर रविवारी आमच्या ग्राउंडार येवन तेजस्वीचो खेळ बगूचो. नुसतां बसाचां. खावक हाडूचां नाय."

लोक म्हणायच्या आधी सुगंधा एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दिव्या तळेऱ्याला गेली. गाडी माझीच होती. निघताना ती तेजस्वीच्या घरी निरोप घ्यायला गेली आणि लगेच परत आली. तळेऱ्यापर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती.

नंतरच्या रविवारी आमच्या मैदानावर मालवणच्या टीमशी मॅच होती. सुगंधा बोलल्याप्रमाणे आली, रिकाम्या हाताने. रसिकापासून दोन हात सोडून कट्ट्यावर बसली. ती पंचांना काही म्हणाली नाही, त्यामुळे पंच सारखे वळून तिच्याकडे बघत होते.

डाव्या बाजूला निलेश सरांनी एक नवीन पोर लावली होती. मेहनती होती, पण उजव्या पायाची. बॉल मिळाला की ती तो सरळ रस्त्यावर मारायची, नाहीतर त्याच्यामागे धावत कोपऱ्यात अडकायची. तेजस्वी मात्र दर वेळी गोलसमोर त्याच जागी धावत गेली. जायची, थांबायची, डावीकडे बघायची. मग मान खाली घालून परत मागे यायची. पहिला डाव संपला, दुसरा निम्मा गेला, तरी ती जातच होती. मला ते बघवेना, मी गाडीची काच पुसायला घेतली. सुगंधा बघत राहिली. पदराचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं.

"रसिका गो," ती म्हणाली. देवळातल्या त्या सोमवारनंतर ती तिच्याशी आपणहून बोलली ती पहिल्यांदाच. "तेका बॉल कोण देतला आता?"

रसिकाची नजर मैदानावरच होती.

"कोण नाय गो," ती म्हणाली.