वगळलेला रानकांदा

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, घोरण्याची पट्टीसुद्धा. हे मात्र तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण... थांबा, आधी माझा स्वभाव सांगतो. लोकांच्या लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनानं काढून पत्रिका परत पाठवणारा निवृत्त मास्तर मी. आता सांगा, जेवायला कोण बोलावणार?

अशा माणसाला नागपूरच्या बेसा भागातल्या एका वाचनालयानं अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला बसवलं. नियम एकच: छापलंय तसं वाचा. लेखक चुकला असं वाटलं, तर शेवटी वेगळी नोंद वाचा. मजकुराला हात लावू नका. मी मान डोलावली.

हातमागावरचं एक पुस्तक आलं. लेखकानं उमरेड नागपूरच्या उत्तरेला नेऊन ठेवलं होतं. मी वाचता वाचता गुपचूप जागेवर आणलं. कोणाला कळलं? कोणालाच नाही. चटक लागली हो! पुढे होतं, उमरेडच्या एका घरी सुताला खळ देताना तांदळाच्या पेजेत रानकांद्याचा रस घालत. कांदा? लुगड्याला? मी खुदकन हसलो आणि नुसती पेज वाचली.

भाऊराव तिथे रोज ऐकायला यायचे. उमरेडचे विणकर, म्हातारपणी डोळे गेलेले. ते पुस्तक त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसले. पुस्तकातलं ते घर त्यांचंच होतं — लेखक त्यांचा जुना दोस्त.

"मायनं शिकवलेली खळ होती गा. त्याले एकट्याले सांगतली. अन् त्यानं मायचा कांदाच फेकून देला." मग हळूच, "गुरुजी, तुमी तं पान डोयानं पाह्यलं. खरंच नाही का त्यात?"

आता इथे — तुम्ही काय म्हणाला असता, ते नका सांगू. मी काय म्हणालो, ते सांगतो.

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. करणाऱ्याचं नाव तो मोठ्यानं बोलून सांगतो, लेखकाचं सांगितलं. भाऊरावांनी चाचपत फोन माझ्या हातात दिला, कापून टाका म्हणाले. मी कापला. पुढेही काही दिवस त्या दोस्ताचा फोन यायचा. मग यायचा थांबला.

मी 'नाही' म्हणालो, तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर होतं. तेच पान उघडं.