अप्पांसाठी आलेलं चित्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. दादा गेला तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला आलेले म्हणत होते, "अमेरिकेत केवढा मोठा चित्रकार झाला की तुमचा भाऊ!" मी मान हलवत होते — दुसरं काय करणार?

आमचे वडील, अप्पा, चादरींची डिझाइनं काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोनी घर रंगवायचे. त्यांच्याजवळ बसून शिकलेला दादा अमेरिकेला गेला, फ्रेमच्या दुकानात राबला, तिथलाच झाला. आणि आयुष्यभर नुसते पट्टे नि चौकोन रंगवत राहिला. ना माणूस, ना झाड. अप्पा चिडायचे, "ह्येला चित्र म्हणत्यात व्हय?" पण अंथरुणाला खिळले, आणि दादानं चित्र पाठवलंय असं कळल्यापासून रोज विचारायला लागले — "पोराचं चित्र आलं का गं?"

आलं होतं. दादानं खास त्यांच्यासाठी पाठवलेली कॅनव्हासची लांब गुंडाळी. मी ती — कसं सांगू? — न उघडताच माळ्यावर टाकली. अप्पांचं हगणं-मुतणं मी काढायचं, आणि त्यांचा जीव मात्र दादात! का म्हणून दाखवायचं? "न्हाय आलं," म्हणायची. वाट बघतच ते गेले.

तेवढ्यावर तरी थांबायचं. नाही थांबले. फोनवर दादानं विचारलं, "अप्पांनी बघितलं होतं का गं?"

"बघितलं. आणि भिंतीकडं तोंड फिरवलं."

"बरं," म्हणाला तो.

त्यानंतर दादानं रंगच सोडले. पांढऱ्यावर पांढरं, फार तर राखाडी. त्याच चित्रांनी त्याला नाव मिळालं. तिकडच्या जाणकारांना म्हणे त्यात शांती दिसायची. मला ठाऊक होतं ते काय आहे — तरी तो मरेपर्यंत मी गप्प राहिले.

परवा ती गुंडाळी काढून हॉलमध्ये पसरली. लाल जमिनीवर निळे चौकोन. अप्पांचंच डिझाइन. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरतात, इकडं लाल ते तिकडं निळं. म्हणून आमच्या घरात चादर हातात आली की आधी उलटून बघायची. त्याच सवयीनं मी कॅनव्हास उलटला.

मागेही रंगवलेलं होतं. निळ्या जमिनीवर लाल चौकोन, अगदी घराला घर जुळवून.

भिंतीवर टांगल्यावर ही बाजू कुणाला दिसणार होती?

अप्पांच्या हातात दिलं असतं, तर त्यांनी ते आधी उलटलं असतं.